जुळलेलं हाड

तुम्हाला खोटं वाटंल, पण आमच्या आश्रमशाळेतला सापळा प्लास्टिकचा हाय, असं मी चार वर्षं पोरांना सांगून राह्यल्तो. माझ्या आधीच्या सरांनी मला तसंच सांगितल्तं.

त्या दिवशी नववीला हाडं शिकवत होतो. भिल्ल वस्तीवरची कमल उठली, सापळ्याचा डावा हात चाचपून म्हणली, "सर, हा मोडून जुळलाय. अशी तिरपी गाठ आमच्या आजीनं बांधल्यावरच येती."

तिची आजी मोडलेली हाडं बसवायची. मी म्हणलं, "प्लास्टिकला कसली गाठ? बस खाली."

शनिवारी आजी तिला घरी न्यायला आली. कमलनं तिला बराबर प्रयोगशाळेत आणलं. म्हातारीनं डोळे मिटून त्या हाडावरून अंगठा फिरवला.

मंग म्हणली, "मास्तर, ही आमच्या वस्तीवरची सखू. झाडावरून पडल्ती, तवा मीच बांधल्ता हात. पुढं ऊसतोडीला गेली, ती आलीच न्हाई. मुकादम म्हणला, कुणासंगं पळून गेली."

मी हाडावर नख घासून पाह्यलं. प्लास्टिक नव्हतं.

"हिच्या मायला काय सांगू?" आजीनं विचारलं. "ती अजून शिव्या देती हिला."