फिरवलेला हंस

पर्थमधल्या त्या आमदारांच्या कचेरीत झेंडा फुकट मिळायचा. दिव्याच्या खांबाची तक्रार घेऊन आलेल्या हेझलच्या पुढे रांगेत लॉर्ना आणि तिचा धाकटा भाऊ क्लॅरी उभे होते. ही भावंडं इथल्या मूळच्या नूंगार लोकांतली. बापाच्या शवपेटीवर घालायला त्यांना काळा हंस असलेला पश्चिम ऑस्ट्रेलियाचा झेंडा हवा होता.

"काळा हंस आपला आहे, ताई. बाबांनीच मागितलाय."

"हंस मागितलाय. कोपऱ्यातलं ते ब्रिटिशांचं निशाण नाही मागितलं!"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! बाबांच्या तरुणपणी या हंसाची त्या कोपऱ्याकडे पाठ होती, ठाऊक आहे? त्रेपन्न साली साहेबांना साक्षात्कार झाला, म्हणे पक्ष्याचं तोंड झेंड्याच्या काठीकडे, म्हणजे त्या कोपऱ्याकडेच हवं. दिला फिरवून!"

"झेंड्यांचा नियमच आहे तो."

"आणि त्याच साली बाबांना, नूंगार म्हणून, पर्थमध्ये पाऊल टाकायला परवाना लागत होता, तो कुठला नियम? तो बदलायला सवड नव्हती मेल्यांना, हंसाची मान पिरगाळायला बरी होती!"

कारकूनबाईंनी घडी घातलेला झेंडा पुढे सरकवला.

"इथे सही करा. आणि पेटीवर घालताना निशाणाचा कोपरा डाव्या खांद्यावर येऊ द्या. तशी पद्धत आहे."

"बाबांच्या खांद्यावर?"

"हो."

"ताई, जाऊ दे ना..."

"जन्मभर तिथेच तर बसलं होतं ते. बाई, कात्री आहे का तुमच्याकडे?"