स्वयंपाकघराचं मागचं दार

दिग्दर्शक : बावीस चिठ्ठ्या! कालच्या रंगीत तालमीला चाळीस माणसं बोलावली, त्यातल्या बावीस जणांनी एकच लिहिलंय. ‘नायिका दुबळी वाटते.’ आणि ही तर कहर आहे. ‘एवढा जाच होता, तर बाई निघून का गेली नाही?’

अभिनेत्री : अक्षर छान आहे.

दिग्दर्शक : चेष्टा पुरे. पहिला प्रयोग सहा दिवसांवर आलाय. उद्यापासून मी तुझ्या जागी जाऊबाईचं काम करणारीला उभी करून बघणार आहे.

अभिनेत्री : बघा की. तिलाही हेच विचारतील.

दिग्दर्शक : का म्हणून? घुसमट दिसायला हवी. तुझ्यात ती दिसत नाही.

अभिनेत्री : सर, तिसऱ्या अंकात घुसमटून घुसमटून माझा घसा बसलाय. आता काय, गुदमरून दाखवू?

नेपथ्यकार : तिला बोलू नका. चूक माझी आहे.

दिग्दर्शक : ताई, तुमचं नेपथ्य उत्तम झालंय. उगाच मध्ये पडू नका.

नेपथ्यकार : उत्तम झालंय, म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही. स्वयंपाकघराला ते डावीकडचं दार कुणी केलं?

दिग्दर्शक : तुम्हीच.

नेपथ्यकार : कशाला?

दिग्दर्शक : कशाला म्हणजे? विंगेत जायला. तिला साडी बदलायची असते, पाणी प्यायचं असतं. तीस वर्षं तुम्ही प्रत्येक घराला तिथेच दार काढता.

नेपथ्यकार : हो ना. हात आपोआप तिकडे गेला. काल रात्री घरी जाऊन, हे नाटक जिच्यावरून घेतलंय ती कादंबरी पुन्हा उघडली. त्या घराच्या स्वयंपाकघराला मागचं दार नाही. एक खिडकी आहे, तिला गज आहेत. आणि एकच दार, तेही मधल्या खोलीत उघडणारं.

अभिनेत्री : मावशी, मधल्या खोलीत तर सासरे बसतात.

नेपथ्यकार : सकाळपासून रात्री निजेपर्यंत. खुर्ची वाटेवर, पाय लांब केलेले. रस्त्याचं दार त्यांच्या पलीकडे. अख्ख्या कादंबरीत ही बाई चार वेळा घराबाहेर पडते. मी पेन्सिलीने खुणा केल्यात. चारही वेळा आधी त्यांच्यासमोर येऊन उभी राहते.

दिग्दर्शक : म्हणजे पुरुषसत्ता. ती मला ठाऊक आहे हो. नाटकाच्या पत्रकात पहिलंच वाक्य माझं आहे त्यावर.

नेपथ्यकार : पत्रकात आहे, पण घरात नाही. घरात आपण तिला सताड उघडं दार दिलंय. ती दर दहा मिनिटांनी त्यातून जाते आणि आपल्या पायांनी परत येते. मग लोक म्हणणारच, बाईमध्येच दम नाही. सासरा सुटला, नवरा सुटला, खापर फुटलं हिच्या डोक्यावर.

अभिनेत्री : आणि भूमिका गेली जाऊबाईकडे.

दिग्दर्शक : तू जरा गप्प बस. ताई, प्रेक्षक दारं मोजत नाहीत. ते माणूस बघतात.

नेपथ्यकार : दारं मोजत नाहीत, पण त्यांना दिसतात. बरं, वाद नको. तालमीच्या फरशीवर मी खडूने घर आखलंय, कादंबरीतल्यासारखं. तुम्ही त्या चौकोनात उभे राहा. ते स्वयंपाकघर. मी इथे सासऱ्याच्या खुर्चीत बसते. आता तुम्ही रस्त्यावर जा.

दिग्दर्शक : हा काय पोरखेळ?

अभिनेत्री : जा ना सर. आम्हाला रोज पळवता, आज तुम्ही चाला.

(दिग्दर्शक चालत मधल्या खोलीपर्यंत येतो आणि खुर्चीपाशी थांबतो.)

नेपथ्यकार : का थांबलात?

दिग्दर्शक : तुमचे पाय आहेत ना मध्ये. जरा घ्या की बाजूला.

नेपथ्यकार : मी तुम्हाला अडवलंय का? मी नुसती बसलेय.

दिग्दर्शक : अहो, पण ओलांडून कसा जाऊ? बरं दिसतं का ते?

अभिनेत्री : सर, मला तर ‘पाय घ्या’ म्हणायचीसुद्धा सोय नाही. मला तिथे एकच वाक्य आहे. ‘जाऊन येऊ का?’

(दिग्दर्शक खुर्चीपाशीच वळून मागच्या खडूच्या चौकोनाकडे बघतो.)

नेपथ्यकार : बोला.

दिग्दर्शक : तिसऱ्या अंकात ती पिशवी घेऊन इथपर्यंत येते आणि माघारी फिरते. मी तिला म्हणालो होतो, तिथे रड.

अभिनेत्री : मी रडणार नाही. पिशवी खाली ठेवीन आणि खुर्चीकडे बघेन. बाकीचं लोकांना कळेल.

दिग्दर्शक : एवढी खात्री?

अभिनेत्री : तुम्ही आत्ता थांबलात ना, मला तेव्हाच कळलं.

दिग्दर्शक : ताई, दार बुजवायला किती वेळ लागेल?

नेपथ्यकार : चार फळ्या आणि रंगाचा एक हात. संध्याकाळच्या तालमीला भिंत मिळेल.

दिग्दर्शक : पण मग ही विंगेत जाणार कुठून? दोन तास बाई मंचावरच? साडी बदलणं नाही, घोटभर पाणी नाही, बसायचं म्हटलं तर...

नेपथ्यकार : बसायला कादंबरीत स्टूलही नाही. तेही मी शोधलं.

दिग्दर्शक : झेपेल का हिला?

अभिनेत्री : मलाच विचारा की, सर. मी इथेच उभी आहे.

दिग्दर्शक : झेपेल तुला?

अभिनेत्री : झेपेल. मावशी, भिंत घालायच्या आधी पाण्याचा एक तांब्या तेवढा आत ठेवा.