भिंगरीसाठी बघितलेली बदकं

नाही, बदकांशी माझं काही वैर नाही हो, पण एका बाईनं, लग्नाला पुरते सहा महिनेही न झालेल्या बाईनं, किती बदकं बघावीत याला काही सुमार? तुम्हाला सांगते, एकशे अठ्ठेचाळीस! पोहणारी, गाणारी, रुसणारी, दात घासणारी... आता बदकाला दात कुठून आले ते मला विचारू नका, मी वहीत तशी नोंद केलेली आहे : ‘भाग एकतीस. बदकाला दात. नापास.’

तुम्ही म्हणाल, तुला कुणी सांगितलं होतं? अहो, सगळ्यांनी सांगितलं होतं!

झालं असं, की माझ्या मोठ्या जाऊबाईंची चार वर्षांची लेक... नाव आहे तिला चांगलं, पण एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे भिंगरीच म्हणतात... ती जेवताना टॅबवर बदकं बघायची. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. सासूबाईंनी घास पुरवायचे, टॅबनं बदकं पुरवायची, दोघांचं छान जमलं होतं. एक दिवस काय झालं, बदकांच्या पाठोपाठ आला एक नळ. दात असलेला नळ! हात धुवायला आलेल्या मुलांची बोटं कुरकुर खाणारा! सासूबाईंचं लक्ष वाटीत. झालं! भिंगरीनं चार दिवस नळाखाली हात म्हणून धरला नाही. बेसिनपाशी नेलं की अशी किंचाळायची, की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चपला न घालता वर आले.

मग बसली घरात सभा. मोठे दीर उभ्या उभ्याच म्हणाले, “फेकून द्या तो टॅब!” सासूबाई म्हणाल्या, “फेक ना. आणि उद्यापासून भरवायला तू बस.” दीर खाली बसले. सासरे म्हणाले, “आमच्या वेळी...” त्यांना कुणी पुढे जाऊ दिलं नाही. जाऊबाई हाडांच्या दवाखान्यात लोकांना व्यायाम शिकवतात, दिवसभर दुसऱ्यांचे खांदे सरळ करून येतात, त्यामुळे त्यांचं बोलणंही सरळ. “त्यात सोय असते. मोठ्या माणसानं एकेक व्हिडिओ बघून पास करायचा. पास केलेले तेवढेच मुलाला दिसतात, बाकी सगळं बंद.”

“छान! पण बघायचे कुणी?” सासूबाईंनी विचारलं.

आणि बघा हं, पाच माणसांच्या दहा डोळ्यांनी एकाच वेळी वळायचं म्हणजे आधी तालीम लागते की नाही? यांना नाही लागली. माझा नवरासुद्धा वळला! “अगं, तू घरीच असतेस ना,” जाऊबाई म्हणाल्या.

मी आपलं ‘बरं’ म्हटलं.

हे माझं ‘बरं’ ना, मला एक दिवस खड्ड्यात घालणार आहे. नव्या घरात आले, कपाटाचा खालचा कप्पा तुझा... बरं. चहात साखर आम्ही एवढीच घालतो... बरं. आणि घरीच असते म्हणजे काय हो? मी घरून काम करते! औषधाच्या खोक्यात तो घड्या घातलेला पातळ कागद असतो ना, जो कुणीच वाचत नाही? तो मी वाचते. पगार घेऊन वाचते. छापण्याआधी शेवटच्या टिंबापर्यंत तपासते, कारण एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस आडवा! आता अशा बाईच्या हातात तुम्ही बदकं देता? दुसरी कुणी असती तर दोन मिनिटं बघितलं, पुढे सरकवलं, पास! मला ते जमेना. नळ काय, शेवटच्या मिनिटालाही येऊ शकतो. मी प्रत्येक व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला घेतला. वही केली. समासही आखला!

आणि इथेच... थांबा, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या घरात मी मोकळेपणी बोलायचे ती एका भिंगरीशी. मोठ्या माणसांसमोर माझी वाक्यं घशातच बसतात, पण रोज दुपारी तीनला ती माझ्या खोलीत यायची, “काकू, चल ना,” आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाखाली दवाखाना थाटायचो. ती डॉक्टर. मी पेशंट, कायमची. माझ्या गुडघ्यावर ओला रुमाल, आणि माझ्याच रद्दीतले औषधाचे कागद फाडून ती मला पुड्या द्यायची. “काकू, तुला बोलण्याचा ताप आलाय,” म्हणाली एकदा. “तू माझ्याशी फार बोलतेस.” मी! फार बोलते! हसता हसता माझं डोकं टेबलाला आपटलं. या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले, ते त्या टेबलाखाली.

तर तीन वाजले, भिंगरी दारात. “काकू, चल ना.” माझ्या मांडीवर टॅब, हातात पेन, पडद्यावर बदक भाग बारा. मी म्हटलं, “थांब हं राणी, तुझ्यासाठीच बघतेय.”

थांबली. दुसऱ्या दिवशी बाहुलीला पट्ट्या गुंडाळून घेऊन आली. “काकू, ही खूप आजारी आहे. लगेच यावं लागेल.” “आलेच हं, एवढा भाग होऊ दे. तुझ्यासाठीच बघतेय.” तिसऱ्या दिवशी नुसती दाराच्या कडीशी खेळत राहिली.

मी बघत होते ना! आणि नुसतं बघून भागतंय होय? घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी होतंच. सासूबाई दारातून : “हे बघ, अकरा मिनिटांचे घे. नऊच्यात शेवटचे चार घास उरतात.” सासरे पाठीमागून वाकून : “हे माकड एवढं ओरडतं का? याला घरी कुणी काही सांगत नाही?” दीर फोनवरून : “जरा विज्ञानाचं बघ, ग्रह वगैरे.” ग्रहांचा बघितला, तर त्यात शेवटी सूर्य विझतो. चार वर्षांच्या मुलीला आत्ताच कशाला ही बातमी? नापास! आणि जाऊबाई : “परीराण्या नकोत, चॉकलेटं नकोत, खेळण्यांची खोकी उघडणारे तर अजिबात नकोत.” नवरा रात्री अंथरुणावर टेकता टेकता : “तू हल्ली झोपेत क्वॅक करतेस.”

मी आपलं ‘बरं’ म्हटलं... झोपेत, पुन्हा!

तीन आठवडे, तुम्हाला सांगते, तीन आठवडे! माझं काम सकाळी, बदकं दुपारी. शेवटी सगळ्यांचं सगळं ऐकून, सगळं वगळून पास झाले किती? सहा. त्यातले दोन पावसाचे, एक गोगलगायीचा, दोन बदकांचे, आणि एक कुठल्याशा म्हाताऱ्या सुताराचा. तो एक खुर्ची करतो, अवाक्षर बोलत नाही. अकरा मिनिटं. सासूबाई खूश.

सहाव्यावर बरोबरची खूण केली, वही मिटली, आणि वर बघितलं. घड्याळात साडेतीन. दारात कुणी नाही. कालही नव्हतं? परवा? अहो, समासातल्या नोंदींत बदकाच्या पायाची बोटं मोजणारी मी, आणि भिंगरी यायची कधी थांबली, ते मला आठवेना! म्हणजे औषधाच्या कागदावर मात्रेचा आकडाच गळालाय, आणि मी स्वल्पविराम दुरुस्त करत बसलेय.

बाहेर गेले. टेबलाखाली दवाखाना जोरात चाललेला. सासरे आडवे, त्यांच्या पोटावर ओला रुमाल. बाहुली नर्स. सुट्टी होती म्हणून दीर घरी, ते खुर्ची ढकलत रुग्णवाहिका झालेले, तोंडानं भोंगा वाजवत! ज्या माणसाला मी सहा महिन्यांत एकदाही हसताना बघितलं नव्हतं, तो माणूस भोंगा! मी खाली वाकले. म्हटलं, “डॉक्टरबाई, मी आलेय. मी कोण होऊ?”

भिंगरीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खरंच विचार केला हो तिनं, मुलं खोटं कुठे बोलतात. मग अगदी समजुतीनं म्हणाली, “काकू, सगळे झाले गं. तू... तू बघ.”

बसले मी भिंतीशी. बघितलं.

बरं, पुढचं ऐका. त्या सहा व्हिडिओंचं काय झालं? जेवायच्या वेळी सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं टॅब लावला, तर ही मान हलवते. “नको आजी. ते काकूचे आहेत. काकूला लागतात.” सासूबाई म्हणाल्या, “अगं, काकूनं तुझ्यासाठी बघितलेत!” तर म्हणते, “असू दे. काकूला त्याच्याशिवाय करमत नाही.” आणि गप्पा मारत, सांडत, स्वतःच्या हातानं जेवली!

घरात आनंदीआनंद! जाऊबाईंनी मला जवळ घेतलं. खरंच घेतलं, आणि जाता जाता माझा खांदाही सरळ केला. “काय जादू केलीस गं? महिना झाला, टॅबचं नाव नाही!” काय सांगणार होते मी त्यांना? की टॅब सुटला तिचा, पण टॅबबरोबर मीही सुटले? की पोरीनं मला नि बदकांना एकाच पिशवीत भरून माळ्यावर टाकलंय? तीनला मी हल्ली मुद्दाम दार उघडं ठेवते. ती दारावरून पळत जाते आणि जाता जाता इतरांना दटावते, “हळू! काकू बघतेय!” मी काहीही बघत नसते हो. मी दाराकडे बघत असते.

म्हटलं, आज जेवताना सांगायचंच, मला पुन्हा पेशंट करा म्हणून. वाक्य तयार केलं, दोनदा मनात तपासलं, तोंड उघडलं, आणि बेल वाजली. नणंदबाई! हातात एक नाही, दोन टॅब! “वहिनी, तुमचं नाव झालंय सगळीकडे! आमच्या दोघांचंही तेवढं बघून द्या ना. धाकट्याला डायनासोर लागतात, मोठ्याला ट्रक.” दहा डोळे वळले. आता तर त्यांना सवयच झालीय.

डायनासोरचे किती भाग असतात, कल्पना आहे तुम्हाला? चारशे बारा. कालपासून घेतलेत बघायला... आणि खरं सांगू, या वेळी काम झपाट्यानं उरकतंय. दारात येऊन ‘चल ना’ म्हणणारं कुणी नाही ना.