दोन मुठींची करवत

भागीदारीत भरवसा कोणावर ठेवावा रे, सख्ख्या भावावर की परक्यावर?

नव्वदीतली गोष्ट. वागळे इस्टेटला माझं हत्यारांचं दुकान होतं. कोपरीचे दामोदर आणि हिराजी, सख्खे कोळी भाऊ, भांडतच आत आले. भागीदारीत मासळीचा टेम्पो घेतलेला. बर्फ टिकावा म्हणून आतून फोम फवारला, तर तो फुगून पत्रा ठोकायच्या लाकडी पट्ट्यांच्याही वर आला. तो तासल्याशिवाय वरचा पत्रा बसेना.

"शेठ, मशीन द्या," धाकटा हिराजी म्हणाला.

"मशीन कशाला? साधी करवत द्या," दामोदर म्हणाला. "आणि याला सांगा, पटत नसेल तर टेम्पो विकून टाकू."

मशीनमध्ये भुसा अडकतो आणि आखूड करवतीने खड्डे पडतात. मी वखारीतून लांब, लवचिक पातं आणलं, दोन्ही टोकांना मुठी बसवल्या आणि म्हटलं, "पट्ट्यांवर टेकवा आणि दोघं मिळून कापा."

दाराशी उभ्या टेम्पोत चढून दोघांनी एकदमच ओढलं. पातं जागचं हलेना.

"अरे, सोड ना!"

"तू सोड आधी!"

"एकाने ओढलं की दुसऱ्याने हात सैल सोडायचा," मी म्हटलं.

मग फोमचे पापुद्रे सरसर निघायला लागले. थोड्या वेळाने हिराजी हळूच म्हणाला, "दादा, दमलास? थांबूया जरा."

टेम्पो विकला नाही त्यांनी.

तूही आता भावाबरोबर दुकान टाकतोयस. भरवसा भावावरच ठेव, पण त्या करवतीसारखं, एकाने ओढलं की दुसऱ्याने सैल सोडायचं. आणि माझं एवढं ऐक, हिशेब दोघांनी शेजारी बसून लिहा, आणि खरा लिहा.