खिळ्यावरचा पेला

हा प्लास्टिकचा कप हातात आला की मला नातीची परीक्षा आठवते. सुनीता तेव्हा कॉलेजात समाजशास्त्र शिकायची. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी रडवेली होऊन माझ्यापाशी आली.

"आजोबा, पाठ सगळं आहे. पण सर उदाहरण मागतात आणि मी गप्प होते. मागच्या वेळी त्यातच नापास झाले."

म्हटलं, "मला कुठं वाचता येतं, बेटा? तू शब्द सांग."

"सामाजिक विषमता."

"बाजवा गावच्या कारखान्यात मी झाडू मारायचो. बाकीच्यांचे पेले कँटीनमध्ये, माझा बाहेर खिळ्यावर. चहावाला वरून ओतायचा. मी प्यायचो, पेला विसळायचो, परत टांगायचो."

तिनं भराभर लिहून घेतलं. "आणि समानता?"

"पुढं हे कप आले. साहेबाला तोच, मलाही तोच. खिळा मी माझ्या हातानं उपटला."

"बस, हे चालशे, एकदम चालेल," पोरगी खूश झाली.

"फक्त चहा झाला की सगळ्यांचे कप मीच गोळा करायचो."

तिचं पेन थांबलं. "मग आजोबा, हे कुठल्या शब्दाखाली लिहू?"

म्हटलं, "दोन्हीच्या मधे थोडी जागा असेल, तर तिथं लिही."

पास झाली.