नंदाच्या डब्यातली खिरापत

भोंडल्याची खिरापत वस्तीवरच्या घरातून येत नाही, आणि का, ते विचारायचं नाही! ऐकलंत? शाळा सरकारी, भिंतीवर हातभर अक्षरात रंगवलंय 'प्रश्न विचारा', ते मीच रंगवलंय, त्याचा डाग अजून माझ्या पंजाबी ड्रेसवर आहे, आणि त्याच भिंतीला पाठ टेकवून गेणबाआबा मला सांगतात, "मॅडम, तुमी नवीन हायेत. हितं असंच हाय. का, ते इचारायचं न्हाई." आबा म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. पाठीला ओला रंग लागला होता त्यांच्या. मी सांगितलं नाही. का सांगू?

तुम्हाला सांगते, मी मूळची परभणीची, राहते आयटी कंपन्यांशेजारच्या माणमध्ये भाड्याच्या खोलीत, आणि शाळा तिथून पुढे डोंगराकडे, रिह्याच्या खोऱ्यात. गावाचं नाव नाही सांगत, मला तिथंच नोकरी करायचीय. तिसरीचा वर्ग माझा. नवरात्र जवळ आलं, खाचरात भात निसवायला लागला, तसे नरहरी सर म्हणाले, मेधाबाई, यंदाचा भोंडला तुमच्याकडे. नरहरी सर आमचे मुख्याध्यापक. मी उत्साहात हो म्हटलं. इथं उत्साहात हो म्हणणारं माणूस दरवर्षी एकच मिळतं, ते म्हणजे सगळ्यात नवीन आलेलं.

मी काय ठरवलं, की रोज एका मुलाच्या घरची खिरापत. डबा झाकलेला, आत काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं. आता तुमच्याकडे मुलं ओळखत असतील, आमच्याकडे शेवटचा मान अनसूयाआत्यांचा! आबांच्या थोरल्या बहीण. त्या डबा कानाशी धरतात, हलवतात, आणि न उघडता सांगतात, "साटोऱ्या हायेत. गूळ कमी पडलाय." आणि खरंच साटोऱ्या असतात हो, आणि खरंच गूळ कमी असतो! गावचा नियमच आहे, आत्यांना ओळखता आलं नाही तर आत्या हरल्या, आणि हरलेल्यानं आधी खायचं, तेही डबा आणणाऱ्याच्या हातून. पण आत्या आजवर हरलेल्या नाहीत.

शेवटचा दिवस नंदाचा. नंदा म्हणजे ओढ्यापलीकडच्या वस्तीवर मेंढ्या-शेळ्यांचा वाडा आहे ना, तिथल्या म्हसू आणि तुकाबाईंची पोर. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, आमच्या शेळीच्या चिकाचा खरवस करणार हाय आई. गुळातला. आत्याला बी ओळखायचा न्हाई." तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही... आणि त्याच दुपारी हे आबा, भिंतीला टेकून! वस्तीवरची खिरापत येत नाही. का? विचारायचं नाही.

मी धावत सरांकडे. सर म्हणजे कसे, कुणाचंच मन मोडत नाहीत. म्हणाले, आपण मधला मार्ग काढू, राजगिऱ्याचे लाडू मी दुकानातून आणतो, डबा नंदाच्या हातात देऊ, नाव नंदाचं, लाडू दुकानाचे, कुणाला वाईट वाटायला नको. म्हटलं, सर, आणि नंदाला? सरांनी आढ्याकडे पाहिलं. "लहान आहे हो. विसरेल."

विसरेल! मला माझ्या तिसरीतलं सगळं आठवतं. पण ते सोडा, माझी खरी धास्ती वेगळीच. मी आबांशी भांडेन, सरांशी भांडेन, आत्यांशीही भांडेन... पण शेळी व्यायलाच हवी ना? शेळी व्याली नाही तर चीक कुठला, खरवस कुठला, आणि मग सरांचे लाडू आहेतच तयार! सकाळी शाळेला जाताना नेऱ्याजवळ गाड्यांच्या रांगेत स्कूटर उभी, आजूबाजूला लोक फोनवर ऑफिसची कामं करतायत, आणि मी विचार करतेय, कळा आल्या असतील का तिला? आईचा परभणीहून फोन, जेवलीस का. मी म्हटलं, आई, शेळी अजून व्याली नाही. आई म्हणते, "तुला आम्ही शिकवलं कशाला गं?"

रोज सकाळी मी नंदाकडे बघायची, नंदा मान हलवायची. मोठ्यानं विचारायची सोय नाही, वर्ग ओळखेल ना! म्हणून मी विचारायची, "घरी कसं आहे गं?" ती म्हणायची, "अजून न्हाई, बाई." आणि गुरुवारी ती ओढ्याकडून पळतच आली. "बाई, व्याली! दोन हायेत." मी तिला तिथंच उचलून घेतलं. सर दारात. जुळं का, म्हणाले. बाळ-बाळंतीण सुखरूप? मी म्हटलं, सुखरूप आहेत सर, बाळंतीण चरतेय.

मग शुक्रवार. पटांगणात पाट, पाटावर रांगोळीचा हत्ती, सोंड जरा आखूड झालेली, भोवती फेर. खुर्च्यांवर आबा, आत्या आणि नरहरी सर. सरांच्या खुर्चीखाली लाडवांचा डबा. नंदा पुढे आली, तिच्या हातात तिचाच डबा, आईच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. सर मला भुवयांनी खुणावतायत. मी हत्तीची सोंड बघतेय.

पोरं सुरू झाली, करंजी, वाटली डाळ, मॅगी! सगळ्याला नंदाची मान नाही, नाही. आता तुम्हीच सांगा, आयुष्यभर डबे ओळखलेली बाई गप्प बसेल? आबा "आक्का, राहू दे" म्हणेपर्यंत आत्यांनी डबा ओढून घेतलासुद्धा! कानाशी धरला. हलवला. पुन्हा हलवला.

"वाजंना."

खरवस कसा वाजेल हो? त्यांनी वास घेतला. वेलची हाय, दुधाचं हाय म्हणाल्या. पेढा? नाही. बर्फी? नाही. आत्यांच्या कपाळावर घाम. शेवटी स्वतःच झाकण उघडलं. "आगं, खरवस! कुणाच्या म्हशीचा?"

"म्हशीचा न्हाई," नंदा म्हणाली. "आमच्या शेळीचा."

आणि मग आबांना हरलेल्याचा नियम आठवला. उठले. "सर, ते लाडू काडा. ह्यो डबा ठिवा बाजूला." सर वाकलेसुद्धा खुर्चीखाली! नंदा माझ्याकडे बघतेय.

मी म्हटलं, "नाही आबा. डबा बाजूला जाणार नाही, आणि लाडू वाटले जाणार नाहीत. नंदाची पाळी आहे, नंदाचीच खिरापत वाटायची. आणि आत्या हरल्यात. त्यांनी आधी खायचं, नंदाच्या हातून."

"आवो, पन असं का..."

"का, ते विचारायचं नाही."

आबा खाली बसले, सर खुर्चीखाली वाकलेले तसेच. नंदानं एक वडी आत्यांच्या तळहातावर ठेवली. आत्या वडीकडे बघतायत, आबा आत्यांकडे. आणि मी म्हटलं, आता बोलूनच टाकावं, आठवडाभर पाठ केलेलं सगळं भाषण... म्हणून पोरांकडे वळले, तर कुणाचंच लक्ष नाही! सगळ्यांची तोंडं भरलेली. डबा रिकामा, आणि आत्यांची नात त्याचा तळ बोटानं पुसतेय. गर्रकन मागं वळले, म्हटलं आत्यांच्या हातावर एक तरी उरली असेल. तळहात मोकळा होता. आत्यांचा गाल हलत होता.

तर, तुम्हाला सांगते, त्या खरवसासाठी मी आठवडाभर एका शेळीच्या कळा सोसल्या. पण तो लागत कसा होता, ते मला विचारायचं नाही.