इतर तुकडी

आक्का : सहा दिवस झाले, एका घरात राहून तोंड चुकवतोय. मी स्वयंपाकघरात गेले की हा अंगणात, मी अंगणात आले की हा न्हाणीघरात. न्हाणीघरात तरी माणसानं बसावं किती? पोटच्या पोराची ही तऱ्हा! आहे का आत तुमचा हेडमास्तर?

कारकून : आक्का, सर मीटिंगमध्ये आहेत.

आक्का : कोणाबरोबर?

कारकून : ...एकटेच आहेत.

आक्का : मग लवकर संपेल. बसते मी. ती खुर्ची सरकवा इकडे. आणि तो कागद कसला झाकताय?

कारकून : दहावीची यादी. चार वाजता शिपाई बोर्डात घेऊन जाईल. गोपनीय आहे.

आक्का : ज्यात माझ्या नातीचं नाव नाही, तीच ना?

कारकून : आहे की, आक्का! मागच्या पानावर आहे. ‘इतर’मध्ये.

आक्का : त्यासाठीच आले. पोरगी गेल्या आठवड्यात घरी आली, म्हणाली, आजी, मला इतरमध्ये टाकलं. मी कसली शिकलेली? दुसरीत पाटी फुटली, ती फुटलीच. मला वाटलं, अ तुकडी, ब तुकडी, तशी ही इतर तुकडी. मामाच हेडमास्तर, तर काहीतरी वरचीच असणार. गल्लीभर सांगत सुटले, आमची नात इतर तुकडीत गेली! शिंपीणबाई म्हणाल्या, आमचाही तिथंच आहे. गवंड्याची बायको म्हणाली, आमच्या दोघी. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, की एवढे सगळे एकदम वर चढले कसे?

कारकून : तांत्रिकदृष्ट्या ती तुकडी नाही, आक्का. तो रकाना आहे.

आक्का : माणसं रकान्यात कधीपासून राहायला लागली?

हेडमास्तर : काय गडबड आहे बाहेर? ...आई! तू इथं?

आक्का : नमस्कार, साहेब. झाली का मीटिंग तुमची तुमच्याशी? ठराव एकमतानं झाला असेल.

हेडमास्तर : आई, ही शाळा आहे. घरचं घरी बोलू.

आक्का : घरी आपण न्हाणीघरात असता. इथंच सांगा. इतर म्हणजे काय?

हेडमास्तर : शांतपणे ऐक. दहावीत मुलं एकसष्ट. बेचाळीस नक्की पास होणार. एकोणीस काठावर, काही तर काठाच्याही बाहेर. त्यांनी परीक्षा शाळेतर्फे न देता बाहेरून द्यायची. त्यांचा निकाल वेगळा धरतात. त्यांचं नुकसान काहीच नाही.

आक्का : उद्यापासून वर्गात बसायचं का त्यांनी?

हेडमास्तर : वर्गात... नाही. स्वयंअध्ययन.

आक्का : हे कोण नवीन मास्तर?

कारकून : म्हणजे आपलं आपण शिकायचं, आक्का.

आक्का : कळलं मला. शिकले कमी, पण बहिरी नाही. परीक्षेला कुठं जायचं?

कारकून : दोन बस बदलून.

आक्का : म्हणजे कोणी जाणारच नाही. छान. आणि दारावर तो रंगारी शिडीवर चढून काय लिहितोय?

कारकून : ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’.

आक्का : परीक्षा कधी आहे?

कारकून : पुढच्या महिन्यात.

आक्का : पोरांनी अजून पेपरचं तोंड पाहिलं नाही आणि निकाल रंगवून वाळतसुद्धा आला!

हेडमास्तर : वरच्या ऑफिसचा दट्ट्या तुला माहीत नाही, आई. गेल्या वर्षी निकाल साठ टक्के लागला, तर भर सभेत उभं केलं मला, शेंबड्या पोरासारखं. आणि भाचीला पुढच्या पानावर ठेवलं असतं, तर लोक म्हणाले असते, मामानं घरचं माणूस सांभाळलं. मी तत्त्वानं वागलो. चाचणीत गणितात एकतीस पडलेत तिला. पस्तीस लागतात.

आक्का : तत्त्वानं! बरं. कारकूनभाऊ, वर्षाच्या सुरुवातीला साहेब आले होते ना पोरांची डोकी मोजायला, तो कागद काढा.

कारकून : पटपडताळणीचा? हा घ्या.

आक्का : मला कशाला देताय? वाचा. दहावीचा पट किती?

कारकून : एकसष्ट.

आक्का : साठच्या खाली असता तर?

कारकून : तर वर्ग बंद, आक्का. मुलं दुसऱ्या शाळेत, आणि आम्ही सगळे पाठवतील तिथं.

आक्का : त्याआधी वर्गात होती बेचाळीस. मग एकोणीस आली कुठून? सांगता का, साहेब?

हेडमास्तर : आई, जाऊ दे ना.

आक्का : मीच सांगते. हा माझ्या पायाशी येऊन बसला. ‘आई, तुझा शब्द कोणी मोडत नाही, एवढं कर.’ हे असे गुडघे घेऊन मी वीटभट्टीमागच्या वस्तीत दारोदार फिरले. एका पोरीला भांडी घासायच्या कामावरून सोडवून आणलं, तिच्या मालकिणीशी अजून माझं बोलणं बंद आहे. दोघा भावांच्या घरी आपली भाषा कोणाला येत नाही. त्यांच्या आईला मी हातवारे करून सांगतेय, पोरं द्या, पोरं द्या, तर ती बिचारी दोन कोंबड्या बांधून द्यायला निघाली! नात शिवणकाम शिकत होती, तिचं मशीन बंद करवलं. तेव्हा तुला एकोणीस डोकी हवी होती. आता डोकी नकोत. का? तर त्यांच्यात गणित नाही!

हेडमास्तर : त्या मुलांनी शाळा वाचवली, मी कुठं नाही म्हणतोय? माहितीपत्रकात छापलंय मी. वाचा हो तुम्ही.

कारकून : ‘विद्यार्थी-रचना. समाजाच्या सर्व स्तरांतील विद्यार्थी हीच आमची शान.’ सोबत फोटो आहे.

आक्का : फोटोत कोण कोण?

कारकून : एकोणीसच्या एकोणीस.

आक्का : वा! पट मोजताना धरली, फोटो काढताना धरली, निकालाला तेवढी इतर. शान गेली मागच्या पानावर.

कारकून : सर, रंगारी खिडकीतून विचारतोय, शंभरानंतर ‘टक्के’ अक्षरात लिहू की नुसतं चिन्ह काढू?

हेडमास्तर : थांबायला सांगा त्याला! ...बरं, आई, एक करतो. भाचीचं नाव पुढच्या पानावर घेतो. एकीनं फारसा फरक पडत नाही. झालं समाधान?

आक्का : आणि तत्त्व? ते गेलं का मीटिंगला?

हेडमास्तर : मग काय करू म्हणतेस?

आक्का : तिचं एकटीचं नाव घेऊन तर बघ! उद्या मीच तिला घरी बसवीन. बाकीच्या अठरा पोरांच्या आयांना मी काय तोंड दाखवू? मी त्यांना शब्द दिला होता, तू रकाना दिलास.

हेडमास्तर : एकोणीस घेतले तर निकाल सत्तरच्या खाली जाईल, आई! पुन्हा उभं करतील मला.

आक्का : राहा उभा. पाय चांगले आहेत तुझे. तुझ्या वेळी चाचणीत गणितात किती पडले होते रे?

हेडमास्तर : ते आता कशाला?

आक्का : कारकूनभाऊ, जुनी रजिस्टरं त्या कपाटात असतील ना?

हेडमास्तर : नको! कपाट उघडू नका. ...अठ्ठावीस.

कारकून : अठ्ठावीस सालचं रजिस्टर, सर?

हेडमास्तर : नाही. माझे गणितातले गुण.

आक्का : एकतीसवाली इतर, तर अठ्ठावीसवाला कोण? याच खोलीत आले होते मी तेव्हा. त्या वेळच्या हेडमास्तरांना विचारलं, काढता का याला? ते म्हणाले, काढून ठेवू कुठं? शाळेचाच आहे. सकाळी तासभर आधी पाठवत जा. तरी तू बोर्डात आपटलासच. शाळेचा निकाल घसरला, त्यांनी बोलणी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी घरी निरोप आला, उद्यापासून पुन्हा पाठवा. दुसऱ्या खेपेला पास झालास. त्यांनी इतरचा रकाना आखला असता, तर आज तू त्या शिडीवर असतास. आणि अक्षर बघता, तिथंही कोणी ठेवून घेतलं नसतं.

(बाहेर रंगाच्या डब्याचा आवाज.)

हेडमास्तर : यादी आणा.

कारकून : पुढचं पान की मागचं, सर?

हेडमास्तर : एकच पान करा. एक ते एकसष्ट.

कारकून : आणि ‘इतर’चा रकाना रिकामा सोडू?

हेडमास्तर : आखूच नका. उद्यापासून सकाळी सातला गणिताचा तास. एकोणीसही जणांना निरोप द्या. मी घेणार आहे.

कारकून : तुम्ही, सर? गणित?

हेडमास्तर : कुठं चुकतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

कारकून : आणि रंगाऱ्याला काय सांगू?

हेडमास्तर : पुसून टाक म्हणावं. नुसतं शाळेचं नाव लिही.

आक्का : आधी सही कर. माझ्यासमोर. ...नीट, पूर्ण नाव. ...हं. आता मान वर कर, बघ माझ्याकडे. झालास पास. दुसऱ्या खेपेला, तेव्हासारखाच.